साळिंदराच्या पोराचं लग्न

एका जंगलात, बाळांनो, साळिंदरांचं एक नामांकित घराणं राहत होतं. साळिंदर म्हणजे अंगभर काटे. बिबट्यासुद्धा त्यांच्या वाटेला जात नसे. ए, गलका करू नका, ऐका.

घराण्याचे कर्ते दाजीबा. त्यांची बायको गोदाक्का. आणि एकुलता एक मुलगा शूरसिंग. नाव बघा नुसतं!

या शूरसिंगाला निळ्या अळंबीच्या भुकटीचा नाद लागला. भुकटी कोल्हा आणून द्यायचा. बदल्यात फक्त काटे मागायचा आणि ते वाघाला दातकोरण्या म्हणून नेऊन द्यायचा. वर्षभरात शूरसिंगाची पाठ उघडी पडली. हात थरथरायला लागले. खाल्लेलं पोटात टिकेना.

"ऊन बाधलंय हो त्याला," गोदाक्का सगळ्यांना सांगायची.

जंगलात अस्वल वैद्यकी करायचं. ते म्हणालं, "हे ऊन नाही, व्यसन आहे. आजारच आहे तो. माझ्याकडे आणून ठेवा. वेळ लागेल, पण बरा होईल."

दाजीबा उसळले. "आमच्या घराण्यात असलं काही नसतं! लोक तोंडात शेण घालतील. लग्न लावून देतो त्याचं. जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर."

झालं! बाभळीचे काटे डिंकाने चिकटवून नवरदेव सजवला. मुलीच्या बापाने विचारलं, "मुलगा काय करतो?"

"त्याच्या दातकोरण्या वाघाकडे जातात."

"अरे वा! थेट वाघाकडे!" बापाने लगेच सुपारी फोडली.

अक्षता पडल्या तसे नवरदेवाचे दोन काटेही पडले. पण वाजंत्री जोरात होती, कोण बघतंय?

नवरी केतकी मात्र हुशार. आठवड्यात तिला सगळं कळलं. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, यांना वैद्यांकडे नेऊ या. मी राहते सोबत."

"तूच जरा प्रेमानं वाग," गोदाक्का म्हणाली. "सुधारेल."

एका दुपारी केतकी झोपेतून उठली, तर तिचीच अर्धी पाठ उघडी! काटे कोल्ह्याकडे पोचले होते. ती रडत माहेरी गेली. बाप म्हणाला, "आता तेच तुझं घर. दोन घास खा आणि परत जा." राग आला ना? मला तर सांगतानाही येतो.

ती परत आली, पण नवऱ्याचा कान धरूनच. "चला वैद्यांकडे. मला तुम्ही जिवंत हवे आहात!"

शूरसिंग रडायला लागला. "चल," म्हणाला. खरंच म्हणाला हो!

दाजीबा बिळाच्या तोंडाशी आडवे झाले. "उद्या सत्यनारायण आहे. पाहुणे यायचेत. परवा बघू."

परवापर्यंत त्याला धीर कुठला? संध्याकाळीच भुकटीसाठी निघाला. वाटेत बिबट्या भेटला. पाठीवर काटाच नाही म्हटल्यावर त्याला फार वेळ लागला नाही.

सगळं जंगल जमलं. "उमदा तरुण गेला," असं भाषण कोल्ह्याने केलं. केतकी ऊर बडवून रडत होती. गोदाक्काने तिच्याकडे बोट दाखवलं. "हिचा पायगुण! सोन्यासारखं पोर गेलं माझं."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

तात्पर्य : पोराला व्यसन लागलं तर वैद्याकडे मुळीच नेऊ नये, चारचौघांत नाचक्की होते. त्याचं थाटात लग्न लावून द्यावं. सुधारला तर आपले संस्कार, मेला तर सुनेचा पायगुण.