आगांचं उणं

"दर वेळी मीच का वाकायचं?" विजेच्या कपाटाखालून येर्नार पुटपुटला. मला वाटलं, कंबर धरली असेल. बारा वर्षं हा माणूस आमच्या यंत्राच्या तारा जोडतोय, धरणारच. मी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते!

मला इथे सगळे अपाय म्हणतात, म्हणजे इथल्या बोलीत ताई. तुमच्या मनात जो अर्थ आला, तो पुढे येतोच आहे. एकावन्नाव्या वर्षापर्यंत मी दुसऱ्यांचे आकडे टंकत आले. गणित शिकले तेही टंकता टंकता. आणि आता पहिल्यांदाच यंत्रात माझं गणित चालणार होतं. यंत्र म्हणजे कंकणाच्या आकाराची पोलादी पोकळी. आत सूर्यासारखा तापलेला वायू, चुंबकांनी अधांतरी धरलेला. त्यातून निसटणारी उष्णता तळाच्या जाड पाटावरच उतरायला हवी, नाहीतर दिसेल ते वितळतं. चुंबकांनी किती नि कसं ओढायचं, याच्या चाळीस हजार मांडण्या चाळून माझ्या प्रोग्रामने एक निवडली. तीन प्रयोग मंजूर झाले. तिन्ही फसले तर मी परत टंकायला.

"बेशबारमाकात मटणाखाली अंथरतात त्या पोळीसारखी लाटून पसरते बघ उष्णता," मी येर्नारला सांगून टाकलं.

अडचण एकच. आगांनी, म्हणजे आमच्या सत्तरीच्या प्रमुखांनी, तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या मूळ फाइलीत उंचीपुढे एक उणं चिन्ह चुकून पडलंय. त्यामुळे वरचं खाली नि खालचं वर. पण सांगणार कोण? ज्यांच्यासमोर आम्ही पाय पसरून बसत नाही, त्यांच्या उण्याला बोट लावायचं? मी गुपचूप माझ्या प्रोग्रामच्या शेवटी आणखी एक उणं टाकलं. दोन उणी मिळून अधिक, झालं काम.

बटण दाबलं. उष्णता थेट छताला! तिथला कॅमेरा स्वतःचाच अंत चित्रित करत वितळला. अपायचा तुमचा अर्थ तो हाच.

येर्नारने मला कोपऱ्यात घेतलं. "अपाय, तुम्ही चिन्ह फिरवलंत?"

"तुला कसं कळलं?"

"बारा वर्षं मी तारा उलट्या लावतोय. आगांना दिसू नये म्हणून कपाटाखाली शिरून."

दुसऱ्या प्रयोगाआधी मला वाटलं, बारा वर्षांचं काम त्याचं, मान त्याचा. मी माझं उणं काढून टाकलं. त्याला वाटलं, वयाने मोठ्या या. त्याने तारा सरळ केल्या. दुसरा कॅमेरा गेला.

"तुम्ही कशाला काढलंत?"

"तुझा मान राखला."

"मी तुमचा राखला."

"आणि कॅमेऱ्याचा?"

तिसऱ्या वेळी शब्द दिले-घेतले: वाकायचं त्यानेच, मी हात लावायचा नाही. तारा उलट्या झाल्या. बटणाआधी आगा चहाला येऊन बसले.

"या वेळी नीट होईल, मी बघितलंय," ते म्हणाले.

का कोण जाणे, ते वाक्य मनात घोळवत मी चहा ओततच राहिले. मानाने अर्धीच भरायची त्यांची वाटी काठोकाठ भरली.

"भरून दिलीस? म्हणजे आता घरी जा म्हणतेस का, पोरी?"

"नाही, आगा." शेवटचा प्रयोग समोर, टंकयंत्र डोळ्यांपुढे. "तुमच्या फाइलीतलं उणं चुकलंय. तीस वर्षांपासून."

येर्नार भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता, गेल्या वर्षीचं.

"माहीत आहे," आगा वाटीकडे बघत म्हणाले. "पण सांगायचं कसं? तुमचा केवढा विश्वास माझ्यावर. आज सकाळी मीच ते गुपचूप खोडलं."

येर्नारने वाटी खाली ठेवली. गुडघे कडाकडा वाजवत तो तारा सरळ करायला पुन्हा कपाटाखाली शिरला.

"दर वेळी मीच का वाकायचं?" तो म्हणाला. या वेळी मात्र आगांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.