सेतुरावांचा तक्ता

सेतुराव ‘कसा आहेस?’ असं कधीच विचारत नाहीत. ते विचारतात, “दहात किती?” पाठ दुखते म्हटलं की, “ते कळलं रे. दहात किती?” एकदा देवळाबाहेर माझ्या बायकोशी त्यांची ओळख करून दिली, तर तिलाही गुडघ्यांचे गुण विचारून मोकळे!

तंजावरच्या आमच्या बियाणं कंपनीत ते वीस वर्षं भाताची उगवण मोजतायत. चिमट्यानं शंभर दाणे मांडायचे, कोंब मोजायचे. मग साहेबांनी त्यांना माणसंही मोजायला बसवलं. आजारी कर्मचारी कितपत काम करू शकतो, याचा तक्ता दर सहा महिन्यांनी भरायचा. बसवलं म्हणायचं, पण हा माणूस बसतो कुठे! घड्याळ घेऊन जिन्यात उभा. “बत्तीस पायऱ्या, तीनदा थांबलास. कसाला थांबलास? दम की पाठ?” उजवा हात कायम खिशात, मिरासदारासारखा. मला त्या ऐटीचा भारी राग यायचा.

यंदा मात्र रागापेक्षा धास्ती जास्त होती. माझ्या मणक्यातली चकती सरकलेली, आणि पाचाच्या खाली गुण म्हणजे घरी बसा. पापनाशमहून गाडीनं येताना रोज मनात तोच आकडा. दुपारी सेतुराव कापी प्यायला गेले आणि मला राहवेना. मी त्यांची फाइल उघडली.

तक्त्यात गुणांचे दोन रकाने असतात: एकट्यानं आणि मदतीनं. शेजारी मदतनिसाचं नाव. साहेब दुसराच धरतात. माझ्यापुढे एकट्यानं चार, मदतीनं आठ. मदतनीस, सेतुराव. मी वर न्यायचे बियांचे ट्रे आपोआप पोचतात, असं मी गाढव सहा महिने समजत होतो! ऑफिसातल्या सेल्वीच्या दम्यापुढे तेच नाव. शिपाई मुरुगेसनच्या पायापुढेही तेच.

शेवटचा कागद त्यांचा स्वतःचा. उजवा हात कापतो, चिमटा धरवत नाही. एकट्यानं तीन. मदत आणि मदतनीस, दोन्हीकडे नुसत्या रेघा. वीस वर्षांच्या नोकरीत स्वतःपुढे लिहायला त्यांना एक नाव मिळालं नव्हतं. खिशातला तो हात ऐटीचा नव्हता तर! फाइल संध्याकाळी साहेबांकडे जाणार होती. मी रेघा खोडल्या, आठ मांडले आणि माझं नाव लिहिलं.

मागे सेतुराव उभे होते. “अय्यो, कसाला लिहिलास हे? मला एक शब्द विचारायचं नाही?”

“उद्यापासून दाणे मी मांडतो,” मी म्हणालो. “आणि तुम्ही तरी मला कुठे विचारलं होतं?”