गुडघ्याएवढा चुना

उंब्रजात लोक दिवाळीला घरं चुन्याने रंगवतात. आमच्या शेजारच्या हौसाकाकी बारा महिने रंगवत, आणि तेही जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच. वर काळपट मातीची भिंत, खाली पांढरा पट्टा. तो घराच्या शोभेसाठी नव्हता, त्यांच्या नऊ कोंबड्यांना खायला होता. चुना पुरता वाळेपर्यंत काकी काठी घेऊन राखण करत, मग कोंबड्या सोडत.

"आवं काकी, कोंबड्या घर खात्यात की!" असं कुणी हसलं की त्या म्हणत, "खाऊ दे. अंड्याचं टरफल काय आभाळातनं पडतंय?"

गिरणीचा झिजलेला दगड छिन्नीने टाकी लावून खरबरीत करायचा असला की काकी फडकं घेऊन हजर. उडालेल्या कपच्या वेचून, तुरीएवढ्या निवडून त्या कोंबड्यांपुढे टाकत. नदीचा गुळगुळीत खडा त्यांना चालत नसे. "हिला दात न्हाईत. हिच्या पोटात जातं हाय. जात्याला खरबरीत दगूड नगं?"

माणसांचीही त्या अशीच चौकशी करत. एकदा चावडीसमोर तलाठ्याला त्यांनी चारचौघांत विचारलं, "भाऊसाहेब, जातं फिरतंय न्हवं?" भाऊसाहेब घाईने कागद चाळू लागले.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कऱ्हाडला प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर कोंबडीचं पोट काढलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ते सगळं मी काकींच्या अंगणात आधीच ऐकलं होतं. घरी येऊन मी धीर करून त्यांना पुस्तक वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "समदं बरोबर हाय," म्हणाल्या. "लिवणाऱ्यानं कोंबड्या पाळल्या असणार."

त्या वर्षी दादा फौजेत होता आणि वहिनी पाच महिन्यांच्या गरोदर. एकदा मला काकींच्या भिंतीवरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या वरच्या कडेला ओरखडे दिसले. कोंबडीची चोच तिथे पोचणं शक्य नव्हतं. हे माझं निरीक्षण मी जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितलं.

वहिनींचा घास हातातच राहिला. त्यांच्या नखांत पांढरं होतं.

"लोकाची भिंत खातीस?" आई कडाडली. "घरात अन्न न्हाई व्हय तुला?" वहिनी रडू लागल्या. मला वर बघवेना.

आवाज ऐकून काकी आल्या आणि आईला म्हणाल्या, "शांते, कोंबडीनं भिंत टोकरली तर मी तिला मारत न्हाई. काय कमी पडतंय ते बघती. ही तर माणूस हाय." मग त्या वहिनींजवळ बसल्या. "चुना नगं गं पोरी, आतडं जळंल. उद्यापास्नं माज्याकडं यायचं. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी अन् दोन अंडी. रोज इचारीन हां, जातं फिरतंय का!"

वहिनी रडता रडता हसल्या. आईने वहिनींचं ताट पुन्हा वाढलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींसोबत मी पहिल्यांदाच काकींच्या आतल्या खोलीत गेलो. घरात त्या एकट्याच. भिंती शेणामातीने चांगल्या सारवलेल्या होत्या. फक्त कोपऱ्यात, बसलेल्या बाईचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, तळहाताएवढा खळगा होता.

"काकी, एवढं लिंपायचं राहिलं का?"

"राहिलं न्हाई. ठिवलंय." त्यांनी खळग्यावरून बोट फिरवलं. "माज्या पोटात लेकरू व्हतं तवा सासूनं बोट घालून तोंडातली माती काडली. रोज काडायची. काय कमी पडतंय, त्ये इचारलं न्हाई कुणी."

मी नजर वर वळवली.

आढ्याला पाळण्याची कडी होती. तिला अंड्यांचं शिंकाळं टांगलेलं होतं. काकींनी टाचा उंचावून त्यातलं एक अंडं काढलं, पुढच्या दातावर हलकेच वाजवून टरफल टणक आहे का ते कान देऊन ऐकलं. ते ठेवून दुसरं घेतलं. मग तिसरं. ते पसंत पडलं तेव्हा त्यांनी ते वहिनींच्या ओंजळीत ठेवलं आणि आपल्या दोन्ही हातांनी ती ओंजळ मिटली.