उतारा वाचायचा नाही

भाषा येणे आणि भाषा येते असे सिद्ध होणे या दोन वेगळ्या बाबी असून कोणत्याही संस्थेची प्रगती दुसऱ्या बाबीवर अवलंबून असते. पहिली बाब खाजगी आहे. माणसाला घरी बसून कितीही उत्तम इंग्रजी आले तरी संस्थेला त्याचा उपयोग नाही, कारण ते फाइलला लावता येत नाही.

हे तत्त्व आमच्या शाळेच्या लक्षात आणून दिले ते ट्रस्टचे अध्यक्ष मोहनराव यांनी. मोहनरावांचे पणजोबा बडोदे संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते (कोणत्या, याबद्दल घरात दोन मते आहेत), त्यामुळे शिक्षणाची तळमळ त्यांना वारशाने मिळाली. शिक्षण मात्र स्वतः घ्यावे लागते, ते राहून गेले. तर हे मोहनराव एका लग्नात जेवत असताना शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांनी विचारले, "तुमच्या शाळेतले टीचर इंग्लिशमध्ये कुठल्या लेव्हलचे?" मोहनरावांना उत्तर देता आले नाही. श्रीखंड वाढायला येईपर्यंतही सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावले आणि बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या शाळेत 'प्रगत इंग्रजी चाचणी समिती' स्थापन झाली.

मी श्रीकृष्ण. शाळेचा हेडक्लार्क आणि या समितीचा सचिव. समितीवर असलेल्यांना चाचणीतून सूट होती. ट्रस्टींनाही होती, कारण ट्रस्टी हे परीक्षेच्या वर असतात. उरलेल्या तेवीस शिक्षकांना, म्हणजे गणित, गुजराती, चित्रकला आणि शारीरिक शिक्षण धरून सर्वांना, चाचणी सक्तीची झाली. दोन संधी मिळणार होत्या. दोन्हींत अनुत्तीर्ण होणाऱ्या शिक्षकाची बडोद्यापासून तासाभराच्या डभोई गावातल्या आमच्या शाखेत 'सन्मानपूर्वक नेमणूक' होणार होती. (हा शब्दप्रयोग माझा आहे. मोहनरावांनी 'बदली' म्हटले होते. मी म्हटले, थोडे सौम्य करू.)

चाचणी बाहेरची एक एजन्सी घेते. तिचे तीन भाग, तिन्हींत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. व्याकरणाला तीस गुण. त्यात चार वाक्ये देऊन चुकीचे कोणते ते विचारतात, आणि चारही वाक्ये अशी असतात की शहाणा माणूस त्यातले एकही आयुष्यात बोलणार नाही. शब्दसंग्रहाला तीस गुण. त्यासाठी तीन हजार शब्दांची यादी पाठ करायची. त्या यादीत चिक्कू माणसाला अकरा शब्द आहेत. (आमच्या सोसायटीत नुसते आडनाव घेतले की भागते.) आणि वाचनाला चाळीस गुण: साडेसातशे शब्दांचा उतारा, चौदा प्रश्न, बारा मिनिटे. उताऱ्याचा विषय मुद्दाम असा निवडतात की परीक्षार्थीचा त्याच्याशी काडीचा संबंध नसावा. म्हणजे कोणावर अन्याय होत नाही.

पहिल्या फेरीत तेवीसपैकी नऊ जण उत्तीर्ण झाले. वाचनात सर्वप्रथम आले सलील सर, चाळीसपैकी अडतीस. सलील सर शारीरिक शिक्षण शिकवतात. त्यांचा वाचनाशी कधीच संबंध आलेला नाही. वर्तमानपत्रही ते मागून उघडतात आणि स्कोअर पाहून घडी घालतात. वाचनात सर्वांत खाली होत्या वसुंधराबाई, चाळीसपैकी अकरा. वसुंधराबाई आमच्याकडे चोवीस वर्षे दहावीला इंग्रजी शिकवतात.

निकाल हाती आल्यावर प्रथम मला वाटले की यादी उलटी छापली गेली. मी एजन्सीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले की चाचणी शास्त्रीय आहे आणि शास्त्रात माणूस पाहत नाहीत.

चौकशीअंती कारण सापडले. वसुंधराबाईंनी उतारा वाचला होता.

आता यात त्यांचा फार दोष नाही. जुन्या पद्धतीत शिकलेल्या माणसांना सवय असते. पण नव्या पद्धतीत उतारा हा वाचण्यासाठी नसतो, हे बडोद्यातले लहान मूलही जाणते. त्यासाठीच आमच्या शाळेसमोर, फरसाणच्या दुकानाच्या माडीवर पीयूष सरांचा क्लास आहे. सलील सर तिथलेच. क्लासची त्रिसूत्री जिन्यावर रंगवलेली आहे: आधी प्रश्न पाहा; प्रश्नातला आकडा किंवा नाव उताऱ्यात हुडका; सापडल्यावर त्याच्या शेजारचे उचला. चौथे सूत्र पीयूष सर तोंडी सांगतात, कारण ते गुरुमुखातूनच मिळालेले बरे: काहीच सापडले नाही तर सर्वांत लांबलचक पर्याय निवडा. या पद्धतीने एका उताऱ्याला चार मिनिटे लागतात. उरलेल्या आठ मिनिटांत काय करायचे यावर क्लासमध्ये संशोधन चालू आहे.

पीयूष सर हे वसुंधराबाईंचेच विद्यार्थी. दहावीला इंग्रजीत गळपटणार होते, तेव्हा बाईंनी दोन महिने घरी बसवून शिकवले आणि पस्तीसावर पार केले. त्यामुळे बाई दुसऱ्या संधीच्या तयारीसाठी जिना चढून वर गेल्या तेव्हा पीयूष सरांनी भर वर्गात वाकून नमस्कार केला, पहिल्या बाकावरच्या दोघांना उठवून जागा केली, आणि मग त्यांना वाचायचे कसे नाही ते शिकवायला घेतले.

"मॅडम, तुम्ही वाचता ने, तिथंच लोचो होतो," पीयूष सर म्हणाले. "शांती राखो. नजर फक्त फिरवायची. झाडू मारतो ने, तशी."

"आणि मधे काही चांगलं लागलं तर?" बाईंनी विचारले.

"चांगलं लागलंच नाही पाहिजे, मॅडम. ते बहु खराब."

बाई मन लावून शिकल्या. तीन आठवड्यांत सराव चाचण्यांमध्ये त्यांचे गुण असे गेले: चौदा, एकोणीस, सत्तावीस, तेहेतीस, छत्तीस. उत्तीर्ण व्हायला चोवीस पुरतात. पीयूष सरांनी हा आलेख जिन्यावर लावला. माणूस पन्नाशीनंतरही एखादी सवय सोडू शकतो याचा तो पुरावा होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या. त्या सहसा ऑफिसात येत नाहीत. "श्रीकृष्णभाऊ," त्या म्हणाल्या, "डभोईचं मला काही नाही. बस आहे, गाडी आहे, जाईन. पण निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, ती दहावीला शिकवण्यात जाऊ द्या. दहावी काढून घेऊ नका."

मी म्हटले, "बाई, छत्तीस पडतायत तुम्हाला. चिंता कसली?"

मला खरोखरच चिंता नव्हती. माझी नात अवनी यंदा दहावीला होती आणि तिला वसुंधराबाईच हव्या होत्या. कधी नव्हे ते समितीचे हित आणि माझे हित एकाच दिशेला होते.

दुसऱ्या फेरीला पर्यवेक्षक मीच होतो. संगणकावर उतारा उघडला आणि हॉलमध्ये आनंदाची कुजबुज झाली, कारण एजन्सीने पहिल्या फेरीचाच उतारा पुन्हा दिला होता. (एजन्सीकडे उतारे मोजकेच आहेत. ज्ञान अनंत असले तरी संगणकात जागा लागते.) चौदापैकी तेरा परीक्षार्थींनी चार मिनिटांत उत्तरे भरली आणि उरलेली आठ मिनिटे पंख्याकडे पाहण्यात घालवली. वसुंधराबाईंना तर पहिल्या फेरीची अर्धी उत्तरे पाठ असणार. मी निर्धास्त होतो.

पण बाई वाचत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, हात जागचा हलत नव्हता. मी दोनदा त्यांच्या मागून फिरलो, एकदा खोकलोही. (नियम सातनुसार पर्यवेक्षकाला खोकण्याची परवानगी आहे.) शेवटचे मिनिट उरले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"भाऊ, पुढं काय झालं?"

"कशाचं, बाई?"

"त्या दोघा भावांचं. नावा बांधणारे दोघं. बापाच्या मागे एकाच शेडमध्ये तीस वर्षं काम करतात, मधोमध खडूची रेघ, आणि एकमेकांशी बोलत नाहीत. मागच्या वेळी माझं निम्मंच झालं होतं. म्हटलं, आज शेवट तरी कळेल. तर इथं धाकटा रेघेपर्यंत येतो आणि उतारा संपतो."

मी घड्याळ पाहिले आणि म्हटले, "बाई, वेळ संपली." दुसरे काय म्हणणार? त्यांच्याकडे पाहायचा मला धीर झाला नाही.

वाचन: चाळीसपैकी नऊ.

समितीचे कामकाज निःपक्षपाती असावे म्हणून मी नंतर उत्तीर्ण झालेल्या बावीसही शिक्षकांना एकेकटे गाठून त्या भावांबद्दल विचारले. एकवीस जणांना उताऱ्यात भाऊ होते हेच माहीत नव्हते. सलील सर थोडा वेळ आठवत राहिले. "भाऊ? बोटींचं होतं ने ते? ओकचं लाकूड, चौदा फूट रुंदी," ते म्हणाले. दोन्ही उत्तरे बरोबर होती.

नियम हा नियम असतो. वसुंधराबाईंची डभोईला सन्मानपूर्वक नेमणूक झाली, आणि दहावीचे इंग्रजी कोणाला द्यायचे हा प्रश्न समितीपुढे आला. समितीने गुणानुक्रमे विचार केला व ते सलील सरांना दिले. ट्रॅकसूट मात्र वर्गात घालू नये अशी अट घातली. सलील सरांनी पहिल्याच आठवड्यात त्रिसूत्री फळ्यावर लिहिली आणि बारा मिनिटांनी शिट्टी वाजवण्याची पद्धत सुरू केली. सहामाहीत वर्गाची इंग्रजीची सरासरी एकाहत्तरावरून शहाऐंशीवर गेली. मोहनराव आता लग्नांत स्वतःहून लोकांच्या शेजारी बसतात.

डिसेंबरात मी तपासणीसाठी डभोईला गेलो. शाखा तीन खोल्यांची आहे. वसुंधराबाईंचा आठवीचा वर्ग, पटावर एकोणीस मुले, बहुतेक व्यापाऱ्यांची आणि शेतकऱ्यांची. बाईंनी त्या दोघा भावांची गोष्ट आठवणीतून फळ्यावर लिहिली होती आणि पुढे काय झाले ते मुलांना इंग्रजीत लिहायला सांगितले होते. एकोणीस वह्या, एकोणीस शेवट. एकाने दोघांना कोर्टात पाठवले होते. एकाने मधली रेघ पावसाने पुसून टाकली होती. एका मुलीने लिहिले होते की थोरल्याच्या नावेत पाणी शिरले, तेव्हा धाकट्याने रेघ ओलांडून बादली नेऊन दिली आणि परत येऊन कामाला लागला, बोलला नाही. त्या अर्ध्या पानात व्याकरणाच्या चौदा चुका होत्या, बाईंनी त्या शेजारी नीट लिहून दाखवल्या होत्या. मी ते पान दोनदा वाचले आणि माझी परतीची बस चुकली.

अहवालात लिहिले: 'चाळीस मिनिटांच्या तासात एकच परिच्छेद पूर्ण. गती असमाधानकारक.'

जानेवारीत एक निवेदन आले. 'वसुंधरा मॅडमना परत आणा.' खाली एकशे बारा पालकांच्या सह्या. मजकूर हृदयद्रावक होता. मॅडमनी आम्हाला वाचायला शिकवले, आमच्या मुलांना गुण नकोत, संस्कार हवेत, वगैरे. मी ते वाचताना खरेच गहिवरलो. अवनीनेही घरी हेच चालवले होते. "आजोबा, मला मॅडमकडेच शिकायचंय," ती म्हणाली. मी तिला जवळ घेऊन समजावले, की बेटा, दहावी होऊ दे, मग शिक हवं तितकं. त्याच संध्याकाळी मी तिला पीयूष सरांकडे घातले.

मोहनरावांच्या सूचनेवरून मी एकशे बारा जणांना वेगवेगळी उत्तरे पाठवली. आपल्या भावना पोहोचल्या. वसुंधराबाई डभोई शाखेत रोज शिकवत असून दहावीपर्यंत जागा भरपूर आहेत. शाळेची बस कारेलीबागेतून सोडण्यात येईल. आपल्या पाल्यासाठी प्रवेशअर्ज सोबत जोडला आहे.

आजतागायत परत आलेले अर्ज: शून्य. त्याच काळात आलेले फोन: एकसष्ट. पैकी सलील सरांच्या जादा तुकडीची चौकशी करणारे: एकसष्ट. (निवेदनावरची पहिली सही ज्यांची, त्यांनी दोनदा केला.)

इथवर वाचून तुम्हालाही वसुंधराबाईंबद्दल वाईट वाटले असेल, माझ्याबद्दल चीड आली असेल, आणि शिक्षणाचे काय होणार म्हणून तुम्ही एक सुस्कारा सोडला असेल. ते योग्यच आहे. अर्ज आम्ही दोनशे छापले होते, अठ्ठ्याऐंशी अजून माझ्या खणात आहेत. मुलाचे नाव आणि इयत्ता तेवढी कळवा. बाकीचे मी भरून ठेवतो.