गव्हाणेभाऊ आणि भोवरे

भर दुपारी कॉलनीत हातात टॉर्च घेऊन फिरणारा माणूस दिसला तर घाबरू नका, ते आमचे शेजारी गव्हाणेभाऊ आहेत, एवढं नव्या भाडेकरूंना मी आधीच सांगून ठेवते. ऊन पोचतं तिथं भाऊ उन्हात गाड्या बघतात आणि जिथं पोचत नाही तिथं टॉर्च मारतात. चोर समजून एकदा त्यांना एका नव्या भाडेकरूनं धरलंही होतं. भाऊंनी त्याचा हात झटकला नाही. तसाच धरून त्याला त्याच्या गाडीजवळ नेलं आणि म्हणाले, "मला नंतर धरा. आधी ह्ये बघा, केवढे भोवरे केलेत तुम्ही!"

भोवरे म्हणजे गाडीच्या रंगावर उठलेले बारीक गोल ओरखडे. धुळीनं भरलेली गाडी कोरड्या फडक्यानं गोल गोल पुसली की धूळच रंगाला घासते आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. सावलीत त्या दिसत नाहीत, ऊन पडलं की सगळं जाळं उठून दिसतं. म्हणून भाऊंचं एकच पालुपद, "उन्हात बघा."

हे पालुपद गाडीपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. मी साडी दाखवली, "उन्हात बघा." घराला रंग दिला, "उन्हात बघितला का?" आमच्या रेवाला स्थळ आलं, मुलगा फुलंब्रीचा, चांगला शिकलेला. भाऊंनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "ताई, पोरगा उन्हात बघितला व्हय? हॉलात समदेच देखणे दिसत्यात." पुढं तो मुलगा रेवाला भेटायला आला तेव्हा भाऊंनी त्याला गाडी लावायला मदत करतो म्हणून बाहेर नेलं आणि बराच वेळ उन्हात उभं करून ठेवलं. परत आल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "पक्का रंग हाये. हरकत नाय."

भाऊ वजनमाप निरीक्षक होते. आयुष्यभर लोकांच्या तराजूतली खोट शोधली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी गुलमंडीच्या बाजारातले काही जुने दुकानदार त्यांना बघून आपोआप ताठ बसतात. खोट शोधायची सवय पेन्शनीत जात नाही. तराजू गेले आणि त्यांच्या जागी काळी गाडी आली.

आता आमच्या शहरात काळी गाडी घेणं हाच मुळात अविचार. उन्हाळ्यात इथं सकाळी पुसलेल्या खुर्चीवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. पण काळा रंग निवडला तो सुमनवहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीनं. काळ्याला नजर लागत नाही, हे त्यांचं कारण. त्यावर निरीक्षकाचं काही चाललं नाही.

दुसरी अडचण पाण्याची. ज्या गावात नळ आला असा घरून फोन येताच माणसं ऑफिसातून अर्धी रजा टाकून पळतात, त्या गावात भाऊ लोकांना सांगायचे की गाडी धुवायला दोन बादल्या घ्या. एक साबणाच्या पाण्याची आणि दुसरी फडकं खळबळायला. एकदा सोसायटीच्या बैठकीत हे बोलले. आठ दिवस बिनपाण्याचे काढलेली माणसं समोर बसलेली. बायकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की अध्यक्षांनी चहा लवकर मागवला. म्हणजे अख्ख्या शहराच्या गाड्या कोरड्या फडक्यानं पुसल्या जाणार, भोवरे पडत राहणार आणि भाऊंना काम पुरणार.

त्यांच्या घरातच सगळ्यात मोठा गुन्हेगार होता. सुमनवहिनी गाडीत कधी पुढं बसायच्या नाहीत. पुढं बसलं की ह्यांच्या गाडी चालवण्यावर बोलावं लागतं आणि बोललं की घरी येईपर्यंत भांडण पुरतं, असं त्या सांगायच्या. त्या मागं, डाव्या बाजूला बसायच्या. आणि बसण्याआधी साडीला धूळ लागू नये म्हणून पदराच्या टोकानं दार पुसायच्या. कडीभोवती, गोल गोल. तिकडून भाऊ ओरडायचे, "अगं पदर! पदर!" आम्ही गॅलरीत उभ्या राहून ऐकायचो. वहिनी शांतपणे म्हणायच्या, "तुम्हाला भोवरे दिसत्यात, ही एवढी धूळ दिसत नाय का?" आणि आणखी दोन हात फिरवून आत बसायच्या. आमची रेवा लहान असताना त्यांच्याबरोबर भाजीला जायची. तिलाही तीच खोड लागली. आमच्या स्कूटरची सीट ती फ्रॉकनं पुसायची.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. थोड्याशा आजारानं, कुणाला फार त्रास न देता. त्यानंतर भाऊंनी पॉलिश निवडायला घेतलं.

निवडायला घेतलं असं म्हणते, कारण निवड काही होईना. तीन प्रकार असतात, हे आता आमच्या गल्लीतली भाजीवालीसुद्धा सांगेल. जाडा, मधला आणि मऊ. जाडा भोवरे पटकन काढतो पण स्वतःचे ओरखडे ठेवून जातो. मऊ चकाकी देतो पण भोवरे तसेच. मधला बरा, पण तो कुठला? मेणाबद्दल विचारलं तर भाऊ अंगावर येत. "मेण झाकतं, ताई. काढत नाय. झाकणं म्हंजे खोटं माप."

बाटल्या येत गेल्या आणि त्यांचे प्रयोग सुरू झाले. स्वतःच्या गाडीवर नव्हे, आमच्या वस्तूंवर. रेवाचं हेल्मेट घासून झालं. आमच्या फ्रिजचं दार इतकं लखलखीत केलं की आमचे हे रोज त्यात बघून भांग पाडू लागले. सोसायटीची टपालपेटी, लिफ्टचं दार, समोरच्या डॉक्टरांची पाटी, सगळं चमकू लागलं. पाटीवरची डॉक्टरांची पदवी तेवढी पुसट झाली. फडकं निवडायला मला घेऊन गुलमंडीत गेले, तिथं एकेक कापड गालाला घासून बघत बसले. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, "चचा, गाडी कू पहनाना है क्या?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "नाय हो. बाहेर चला, उन्हात बघतो."

आणि गाडी? ती तशीच. विचारलं की म्हणायचे, "घाई नको. पॉलिश म्हंजे वरचा थर तासायचा असतो. गेला तो गेला, परत येत नाय." आम्ही हसायचो. माझं तर ठाम मत होतं की ह्या माणसाला पॉलिश नको आहे, बाटल्या हव्या आहेत.

रेवाचं लग्न ठरलं आणि भाऊंनी जाहीर केलं, "पोरगी माझ्या गाडीतून सासरी जाईल. आरशासारखी करतो." त्यांना मूलबाळ नाही, रेवावर त्यांचा हक्क आम्ही कधीच मान्य केलेला. पण पत्रिका छापून आल्या, शालू आला, आचारी ठरला, पॉलिश काही ठरेना. मी चिडून म्हणाले, "भाऊ, जमत नसेल तर सांगा, आम्ही दुसरी गाडी बघतो." ते अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पॉलिशच्या मशीनचा घर्र आवाज आला. भाऊंनी जुन्या चादरी बांधून गाडीवर मांडव घातला होता. पॉलिश उन्हात करायचं नसतं म्हणे. दुपारी चादरी निघाल्या आणि सगळी कॉलनी जमली. गाडी खरंच आरशासारखी झाली होती. बॉनेटमध्ये स्वतःला बघून आमच्या ह्यांनी पोट आत घेतलं.

मी कौतुकानं एक फेरी मारली आणि थबकले. मागचं डावं दार राहिलं होतं. बाकी सगळी गाडी चकचकीत आणि ते एकटंच विटलेलं.

"भाऊ, हे दार विसरलात."

"नाय विसरलो."

"अहो, नवरी ह्याच दारानं बसणार. फोटोत येईल."

भाऊंनी फडक्याची घडी केली, पुन्हा मोडली. मग म्हणाले, "ताई, उन्हात बघा."

मी वाकून बघितलं. कडीभोवती भोवरेच भोवरे होते. एकावर एक, गोल, बारीक, एका बुटक्या बाईचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर.

"बाटली उघडली की हात थांबतो," भाऊ म्हणाले. "दुसरं काय ऱ्हायलंय तिचं? कपडे बहिणी घेऊन गेल्या. फोटो हाये, पण फोटोत ती गप बसलीय. ती कधी गप बसायची का? ह्ये तिनं माझ्याशी भांडून केल्यालं हाये."

दोन वर्षं हा माणूस पॉलिश निवडत नव्हता, टाळत होता. आणि मी त्याला हसत होते. "राहू द्या," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी गाडी दारात आली. भाऊंनी सजावटवाल्याला चिकटपट्टी लावू दिली नव्हती, सगळी फुलं रिबिनीनं बांधलेली. ते कोट घालून गाडीजवळ उभे. रेवा रडत रडत आली, जावई मागे. मी तिला दाराबद्दल एका शब्दानं बोलले नव्हते. तिनं दार बघितलं आणि थांबली. मग डोळे पुसायला धरलेलं शालूच्या पदराचं टोक तिनं तसंच दारावर टेकवलं आणि कडीभोवती हात फिरवला. गोल गोल.

आम्ही सगळ्यांनी भाऊंकडे बघितलं. त्यांनी सवयीनं तोंड उघडलंच होतं. 'पदर' म्हणायला ओठ जुळलेसुद्धा.

"पूस, बाळा," ते म्हणाले. "नीट पूस. लई धूळ हाये."