भुतांच्या डोळ्यांची आखणी

देवेशने एका मंगळवारी संध्याकाळी ठरवलं, की भुतांना डोळे हवेतच. ठरवायला काही लागत नाही. चहा पिता पिता ठरलं. पण त्या निर्णयापायी पुढच्या सोमवारपर्यंत त्याची बायको, आई, पेणकडचा एक मामा, कर्जतचा एक मोबाइलवाला आणि एक नर्स एवढी माणसं कामाला लागली, आणि शेवटी निकाल लागला तो एका ड्रेसिंग टेबलाचा.

भुतं अकरा होती. प्रत्येक अंगठ्याच्या पेराएवढं, कथलाचं, हातात घेतलं तर वजन जाणवणारं. ‘पडका दवाखाना’ नावाचा एक बोर्डगेम आहे. तीन-चार जण पटाभोवती बसतात, फासे टाकतात आणि बंद पडलेल्या इस्पितळातून जिवंत बाहेर पडायला बघतात. भुतं पडू देत नाहीत. देवेश, रूपेश आणि नीलेश हे कॉलेजपासूनचे दोस्त दर रविवारी कर्जतला रूपेशच्या मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत हा खेळ मांडत. (देवेशच्या गावात, लोधिवलीत, कुणी विचारलं, रविवारचा कुठं असतोस, तर देवेश सांगायचा, दवाखान्यात. पुढं कुणी काही विचारत नसे. आईची तब्येत मात्र गावभर विचारली जायची.)

भांडण लागलं ते रूपेशने खेळाची नवी पेटी आणली तेव्हा. तिच्यातली भुतं प्लॅस्टिकची होती आणि आधीच रंगवलेली. पेटी उघडा, भुतं काढा, खेळायला लागा. देवेश रसायनीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे. दिवसभर एकासारखे एक नमुने तपासतो, म्हणून एकासारख्या एक गोष्टींवर त्याचा फार राग. त्याने त्याच दिवशी ग्रुपवर अकरा मुद्दे टाकले. यंत्राने रंगवलेलं भूत हे भूतच नव्हे. ज्या वस्तूवर कुणाचा वेळ गेला नाही तिला आपण आपला वेळ का द्यावा? आपल्या पिढीला सगळं तयार मिळालं; आता भीतीसुद्धा तयारच घ्यायची का? अकराव्या मुद्द्यात त्याने जाहीर केलं, की आपण कथलाची कोरी भुतं मागवली आहेत आणि ती आपल्या हाताने रंगवणार आहोत. रूपेशने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. माणसाला पेटवायला एवढं पुरतं.

रंगकामाला उजेड हवा. घरात उजेडाची जागा एकच, खिडकीजवळचं हर्षलाचं ड्रेसिंग टेबल. हर्षला म्हणजे देवेशची बायको. खालापूरला एका वकिलांकडे टायपिंग करते. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं आणि ते टेबल तिने माहेरून येताना स्वतः निवडून आणलं होतं. देवेशने ते ‘दोन दिवस’ म्हणून घेतलं, त्याला पाच महिने झाले. तेव्हापासून ती टिकली लावायची ती स्कूटरच्या आरशात बघून. त्या आरशात मागून येणारा टेंपो चांगला दिसतो, कपाळ दिसत नाही. एकदा टिकली भुवईवर लावून ती ऑफिसात गेली आणि वकीलसाहेब दिवसभर तिच्याशी जरा जपूनच बोलले. तिच्या नेलपॉलिशच्या तीन बाटल्या भुतांच्या रक्तात खर्ची पडल्या होत्या, त्याबद्दल ती अजून काही बोलली नव्हती. (न बोलणं हे हर्षलाचं बोलण्याचं मोठं साधन आहे.)

बाकी काम मात्र खरंच देखणं झालं होतं. कुऱ्हाडवाल्या भुताच्या पोटातून आतडी लोंबत होती, ती देवेशने चार छटांत रंगवली होती. जळालेल्या नर्सच्या साडीवरची काजळी, साखळदंडांवरचा गंज, डॉक्टरच्या कोटावरचं सुकलेलं रक्त, सगळं जिथल्या तिथे. राहिले होते फक्त डोळे. चेहरा तुरीच्या डाळीएवढा, त्यात डोळा खसखशीएवढा. पहिलं भूत तिरळं झालं. दुसऱ्याला कुणीतरी नुकतीच टाचणी टोचलीय असं दिसायला लागलं. देवेशने दोघांचेही डोळे पुसले, चहा मागितला आणि मग तो निर्णय झाला: डोळे हवेतच, आणि ते जाणत्या हाताने काढलेले हवेत.

कारण येत्या रविवारी फैसला होता. रूपेशने आव्हान दिलं होतं, की दोन्ही संच मांडू आणि माझी विनितावहिनी सांगेल कोणाची भुतं भीतिदायक. विनितावहिनी कर्जतच्या एका दवाखान्यात (खऱ्या) नर्स. तिने हा खेळ कधी बघितलाही नव्हता. देवेश हरला तर यापुढे प्लॅस्टिकशी मुकाट्याने खेळायचं आणि ग्रुपवर मुद्दे टाकायचे नाहीत. खरं तर रूपेशला प्लॅस्टिकपेक्षा त्या मुद्द्यांचीच जास्त पडली होती.

हर्षलाने हे ऐकलं आणि आपली अट जोडली. सासूसमोर ती नवऱ्याला अहो म्हणते, पण सासू त्या वेळी परसात होती.

“तुझ्या भुतांना एक जरी माणूस घाबरला ना, तर टेबल कायमचं तुझं. नाहीतर सोमवारी सकाळी माझं.”

“एक?” देवेश हसला. “सगळे घाबरतील.”

“एक पुरे आहे,” हर्षला म्हणाली.

जाणता हात कुठे सापडेल हे अंबूबाईंनी, म्हणजे देवेशच्या आईनी, सांगितलं. त्यांचा चुलतभाऊ धाकलू पेणच्या रस्त्याला गणपतीच्या कारखान्यात कामाला होता. “डोल्यांचं काम हाय तं धाकल्याकडं जा की,” त्या म्हणाल्या. “त्याच्यासारखी आखणी नाय कोनाची.” आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साचा कुणाचा, रंग कुणाचा, पण डोळे धाकलूमामाचे. चाळीस वर्षं त्याने दुसरं काही केलेलं नव्हतं.

बुधवारी देवेश अर्धी रजा टाकून गेला. शेडमध्ये दोनेकशे गणपती डोळ्यांची वाट बघत ओळीने बसले होते आणि मामा एका केसाचा ब्रश घेऊन एकेकाला जागं करत होता. देवेशला भरून आलं. यंत्र नाही, छाप नाही, माणसाचा हात आणि त्यातला जीव. त्याच्या पाचव्या मुद्द्यात हेच तर लिहिलं होतं.

मामाने कुऱ्हाडवालं भूत तळहातावर घेतलं आणि आतड्यांकडे बघितलं.

“याला काय झालं रं?”

“भूत आहे, मामा.”

“असू दे. डोलं तं लागतातच.”

“नजर अशी पाहिजे, की बघणारा जागचा हलता कामा नये.”

“चाळीस वर्सं तेच करतोय,” मामा म्हणाला आणि शनिवारी ये म्हणून सांगितलं.

शनिवारी अकराही भुतं तयार होती, पण त्यांच्या तोंडांवर तांबड्या कापडाचे तुकडे बांधलेले होते. तोंड झाकून न्यायचं आणि मांडशील तेव्हाच उघडायचं, अशी मामाची ताकीद. देवेशने मनाशी त्याचा शास्त्रीय अर्थ लावला: रंग ओला असेल, धूळ बसू नये. (बी.एस्सी. केमिस्ट्री. अर्थ लागल्याशिवाय राहत नाही.) बरोबर आलेली हर्षला स्कूटरवर मागे बसली आणि तिने खोका मांडीवर दोन्ही हातांनी धरला. खोपोलीच्या चढाला कधी नव्हे ते तिनेच सांगितलं, की जरा हळू चालव.

दारात अंबूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. गणपती घरी आणणाऱ्याच्या पायावर पाणी घालतात, त्याच्यावरून तुकडा ओवाळतात, तसं त्यांनी देवेशला ओवाळलं. तो संतापला. घरात भुतं आणलीत, भुतांचं कुणी स्वागत करतं का, आणि या रूढी कधी सुटणार आहेत आपल्या, हे सगळं त्याने उंबऱ्याबाहेर ओल्या पायांनी उभं राहून विचारलं.

“धाकल्याच्या हातचं हाय,” अंबूबाई म्हणाल्या. “भूत कसं असंल?”

रविवारी रूपेशने खोलीचं शटर ओढून अंधार केला, मेणबत्ती लावली आणि आधी आपलं प्लॅस्टिक मांडलं. भुतं रंगीत होती, सगळी एकासारख्या लाल डोळ्यांची, भुकेली. त्यातल्या एका भुताचा डोळा छापताना सरकून गालावर आला होता. ते बघून विनितावहिनी “ई” म्हणाली.

“हा दोष आहे, भीती नाही,” देवेशने लगेच हरकत घेतली. नीलेश म्हणाला, वहिनी दचकली ते दचकली. वीस मिनिटांत चौघांनी मिळून अकराच्या अकरा भुतं मारली आणि इस्पितळातून हसत खेळत बाहेर पडले.

मग देवेश उठला. त्याने भुतं पटावर ओळीने मांडली, हातांचं काम आणि यंत्राचं काम यावर दोन मिनिटं बोलला, आणि एकेका तोंडावरचं कापड सोडलं.

कथलाची अकरा भुतं, लोंबती आतडी, गंजके साखळदंड, नखांतून ठिबकणारं नेलपॉलिश; आणि त्या सगळ्याच्या वर लांबट, अर्धे मिटलेले, कमळाच्या पाकळीसारखे डोळे. त्यांच्यात एवढी माया होती, की बघणाऱ्याला आपण सकाळपासून उपाशी आहोत असं वाटावं. कुऱ्हाडवालं भूत कुऱ्हाड उगारून बघत होतं, पण नजर विचारत होती, दमलास का रे पोरा?

विनितावहिनीने पदर डोक्यावरून घेतला. नीलेशने हळूच चपला काढून दाराबाहेर ठेवल्या.

खेळ सुरू झाला, पण कुणी पळेचना. जळालेली नर्स पटावर विनितावहिनीच्या घरात आली तेव्हा वहिनी म्हणाली, येऊ दे तिला, भाजलीय बिचारी. नीलेश जाऊन स्वतःहून साखळदंडवाल्याशेजारी बसला. रूपेशच्या हातात बंदुकीचं पान होतं, समोर कुऱ्हाडवालं भूत होतं, फासे त्याच्या बाजूने पडले होते, तरी त्याने पान खाली ठेवलं आणि म्हणाला, “मला नाय मारवत रं.” अर्ध्या तासात सगळे मेले, आणि असे समाधानाने मेले की तसे त्या इस्पितळात कुणी मेलं नसेल.

“बघितलंत?” देवेश उभा राहिला. “प्लॅस्टिक तुम्ही वीस मिनिटांत संपवलंत. यांच्यावर एकाचा हात उचलला गेला नाही. याला म्हणतात हाताचं काम. मी हरलेलो नाही.”

“पैज भीतीची होती,” रूपेश म्हणाला. “आन् हाताचं काम खरंच. पण हात मामाचा. तुझी आतडी कोनी बघितली?”

खरोखरच पाच महिन्यांच्या चार छटांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. विनितावहिनीने निकाल दिला, की भीती अजिबात वाटली नाही, उलट बरं वाटलं. आणि त्यातली नर्स प्रसूतीच्या खोलीत ठेवायला मिळेल का, म्हणून विचारलं.

देवेश हार मानणारा नव्हता. परतताना चौक गावापर्यंतच्या रस्त्यात त्याने बारावा मुद्दा तयार केला: दोष मामाच्या हातातल्या सवयीचा आहे, कलेचा नाही. डोळे पुसायचे आणि स्वतः काढायचे. हर्षलाने सगळं ऐकून घेतलं. सोमवारी सकाळी ऑफिसला निघायला तिला वीस मिनिटं होती. त्यातली दहा तिने त्याला दिली. तोपर्यंत टेबल त्याचं.

देवेश टेबलाशी बसला. थिनरमध्ये कापूस बुडवला, कुऱ्हाडवालं भूत चिमटीत धरलं आणि कापूस डोळ्यांजवळ नेला. भुताने त्याच्याकडे बघितलं. मागे आरसा होता, त्यात बाकीची दहा बघत होती. कुणाच्याच नजरेत राग नव्हता. तू पुसलेस तरी आम्ही काही मनात धरणार नाही, असंच त्या नजरा म्हणत होत्या, आणि तेच वाईट होतं. कापूस थबकला. थिनर म्हणजे काय, रंग म्हणजे काय, कथिल म्हणजे काय, तिघांचीही सूत्रं त्याला पाठ होती. त्याने ती मनात म्हणून बघितली. हात पुढे जाईना.

“अहो,” दारातून हर्षला म्हणाली. म्हणजे सासूबाई जवळपास होत्या. “घाबरलात का?”

देवेशला सगळं एकदम दिसलं. हो म्हटलं तर एक माणूस घाबरला. एक पुरे होता. टेबल कायमचं त्याचं. आणि हो म्हटलं तर बी.एस्सी., अकरा मुद्दे, उंबऱ्यावर आईला दिलेलं भाषण, सगळं त्या थिनरच्या वाटीत. हर्षलाच्या मागे अंबूबाई हातात जास्वंद घेऊन, कान देऊन उभ्या होत्या.

“मी?” देवेश ताठ मानेने म्हणाला. “मी कशाला घाबरू?”

“मग पुसा.”

तो पुसणार नव्हता. का पुसणार नव्हता हेही सांगणार नव्हता. त्याने थिनरच्या बाटलीला बूच लावलं, ब्रश गोळा केले आणि अकरा भुतं उचलून आईच्या हातात दिली. हर्षला आरशासमोर बसली आणि पाच महिन्यांनी तिची टिकली कपाळाच्या मधोमध लागली.

भुतं आता देवघराच्या खालच्या फळीवर आहेत. रोज प्रत्येकाला एक फूल मिळतं. कुऱ्हाडवाल्याचं जास्वंद त्याच्या डोक्यापेक्षा मोठं असल्यामुळे तो टोपी घातल्यासारखा दिसतो. देवेशने माघार घेतलेली नाही. त्याने कथलाची आणखी अकरा कोरी भुतं मागवली आहेत, आणि या वेळी डोळेही तोच काढणार आहे. घरात उजेडाची दुसरी जागाही त्याने शोधली: न्हाणीघराच्या खिडकीखाली. यंत्राविरुद्धचा त्याचा लढा सध्या तिथे, वॉशिंग मशीनच्या झाकणावर चालू आहे. आठवड्यातून तीन दिवस धुणं असतं, तेवढे सोडून.