राजाचं बशीतलं आतडं

एका जंगलात, बाळांनो, गोळ्या वाटून खायची पद्धत होती. पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या की दोन दिवस आपण खायच्या आणि बरं वाटलं की उरलेल्या शेजाऱ्याला द्यायच्या. नको म्हटलं तर शेजारी रुसायचा.

त्यामुळे तिथले जंतू इतके निर्ढावले, की कुठल्याच गोळीने मरेनात.

अशात राजा ढोलेराव अस्वलाचं पोट बिघडलं. अगदी जिवावर बेतलं.

डॉक्टर साळूबाई साळिंदर म्हणाल्या, "महाराज, तुमच्या पोटातल्या चार पेशी द्या. बशीत मुगाएवढं आतडं वाढवते आणि त्यात हेच जंतू सोडते. औषधं आधी त्याच्यावर करून बघू. तुमच्या जिवाशी खेळ नको."

आतडं वाढलं. सगळं जंगल दर्शनाला लोटलं. तरस प्रधानाने बशीपुढे नारळ ठेवला.

"अगदी महाराजांवर गेलंय हो!" हरिणी म्हणाली.

"अहो, त्याच्यावर शिंकू नका!" साळूबाई दिवसभर ओरडत होत्या.

अकरा औषधं वाया गेली. बारावं लागू पडलं. पाच दिवसांत बशीतलं आतडं ठणठणीत झालं आणि साळूबाईंना रडूच आलं.

"महाराज, हेच औषध. पाच दिवस. एकही गोळी चुकवायची नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी, गोळी घ्यायच्या आधीच, राजाने मधाचं अख्खं पोळं खाल्लं. ढेकर देऊन म्हणाला, "बरं वाटतंय. उरलेल्या गोळ्या प्रधानाला द्या, त्याची दाढ दुखतेय."

"अहो, अजून तीन दिवस राहिलेत!"

"बशीतल्या आतड्याने पाच दिवस पुरे केले ना? ते कुणाचं?"

"तुमचंच."

"मग झाला की माझा कोर्स!"

दरबाराने टाळ्या वाजवल्या. साळूबाईंचे काटे उभे राहिले, पण त्याकडे कोण बघतो?

पोटात उरलेले जंतू हेही औषध पचवायला शिकले. आठवड्यात राजा गेला. मला फार वाईट वाटलं, स्वभावाने गोड होता बिचारा.

त्याला मूलबाळ नव्हतं. राजाच्या हाडामांसाचं म्हणावं असं जंगलात एकच उरलं होतं. बशी सिंहासनावर ठेवली.

नवा राजा साळूबाई देतील ते पाचही दिवस निमूट घेतो. कुणाला उरलंसुरलं देत नाही. भाषण करत नाही. इतका चांगला कारभार जंगलाने कधी पाहिला नव्हता.

तात्पर्य: राजाने औषध नेहमी अर्धवटच सोडावं. त्याशिवाय प्रजेला शहाणा राजा मिळत नाही.